पाठमोरी माणसं

"झालं का? हलू आता? पायाला मुंग्या आल्यात."

समोर पाठ करून बसलेला माणूस रंकाळ्याच्या पाण्याकडे बघतच बोलला. मला वाटलं, फोनवर कुणाशी तरी बोलतोय. मी पेन्सिल चालवत राहिले.

"तुम्हालाच म्हणतोय की, मॅडम."

पेन्सिल थबकली. तो वळला नव्हता. त्यानं फक्त मोबाइल समोर उंच धरला. स्क्रीनवर तो, आणि त्याच्यामागे मी... मांडीवर वही, कपाळावर अंबाबाईचं कुंकू आणि चोरी पकडल्यासारखं तोंड. सेल्फी काढायला गेला आणि मी सापडले!

"माफ करा," मी पुटपुटले.

"माफी कशाला? पाठच हाय. वापरा."

सकाळी रंकाळ्यावर सगळी माणसं पाण्याकडे तोंड करून बसतात. म्हणून तर मी तिथं जायची. देवीचं दर्शन झालं की मागच्या बाकावर बसायचं आणि पाठी काढायच्या. माझ्या पुस्तकांतला एकही पुरुष वाचकाकडे बघत नाही. लोक म्हणतात, संयोगिताची शैली आहे. कसली शैली! परक्या पुरुषाच्या डोळ्यांत बघायचा धीर होत नव्हता, एवढंच.

या वेळी मात्र मीच मला अडकवलं होतं. नव्या पुस्तकाची गोष्टही माझी, चित्रंही माझी. शेवटच्या पानावर मी लिहून बसले होते — 'ती काही बोलली नाही. तो वळला, आणि तिला उत्तर मिळालं.' लिहिणारीनं लिहून हात झटकले. आता तो चेहरा काढायचा कुणी? वाक्य बदलावं तर गोष्टच मरत होती. गणपतीच्या आधी पान पाठवायचं होतं. पुण्याहून संपादकबाईंचे फोन यायचे, आणि मी नुसती खोडरबर झिजवत होते.

तो आता उठून पाय झटकत माझ्यापाशी आला. वही मागितली, पानं उलटली.

"ह्यो पावना सारखा पाठ करूनच? रुसलाय व्हय?"

मला हसू आलं. आणि का कोण जाणे, सगळी अडचण मी त्याला सांगून टाकली.

"मग माझं तोंड घ्या की," तो म्हणाला. "कागलच्या एमआयडीसीत तिसरी पाळी असतीया, भट्टीवर. सुटलो की हितं वारं खात बसतो. बसल्याबसल्या कामाला तरी येतो."

नाव ऋतुराज. गाव गगनबावडा. दुसऱ्या दिवसापासून तो पाण्याकडे पाठ करून बसू लागला.

मी त्याचा कान काढला. मग केस. मग पुन्हा कानच...

"कानाचं पुस्तक हाय काय?"

"हलू नका."

"डोळ्यांपर्यंत कधी येणार?"

"डोळे शेवटी असतात."

"असं कुणी सांगितलं?"

"मीच."

चहाच्या गाडीवरून बाळाबाई ओरडायच्या, "पोरी, त्या पावन्याला झोपू दे की! डोळं बघ कसं लाल झाल्यात."

"बघतच न्हाईत मावशी," तो म्हणायचा, "हीच तर भानगड हाय."

मी मान आणखी खाली घालायची. घरी आले तरी जीव ठिकाणावर नसायचा. देवासमोर स्तोत्र म्हणायला बसले, की मधेच त्याची डावी भुवई — ठिणगी उडून तुटलेली. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात... पुन्हा भुवई. श्रावणात मी एकवेळ जेवते. एके दिवशी तेही विसरले. आक्का, माझी थोरली बहीण, ताटावरचं झाकण काढून म्हणाली, "हे कुठलं नवीन व्रत गं?"

मी काय सांगणार!

मग एका सकाळी ऊन असतानाच सर आली. माझ्याकडे छत्री नव्हती. त्यानं आपली उघडली आणि माझ्या वहीवर धरली. माझ्यावर नाही, स्वतःवर तर नाहीच... वहीवर. पाणी त्याच्या कपाळावरून त्या तुटक्या भुवईत शिरलं, पापणीवर थांबलं. मी वर बघितलं, आणि नजर काढून घ्यायची राहूनच गेली. हात आपोआप चालत होता. एकदाही खोडावं लागलं नाही.

सर थांबली. त्यानं छत्री मिटली आणि वाकून चित्र बघितलं. बराच वेळ बघत राहिला.

"असा बघतो व्हय मी?"

"हो."

"सगळ्यांकडं?"

"ते मला काय माहीत..."

तो हसला, पण नेहमीसारखा नाही. "मग झालं म्हणा."

कान पुन्हा काढायचाय म्हटलं असतं, तर आणखी आठवडाभर बसला असता. पण खोटं माझ्या जिभेवर येत नाही.

"झालं," मी म्हणाले.

"बरंच झालं. सोमवारपासून पहिली पाळी लागतीया. सकाळचं आता जमणार न्हवतं." त्यानं डबा पिशवीत घातला. "चांगलं निघू द्या पुस्तक."

तो दोन पावलं गेला. पान पूर्ण झालं होतं. मग हा जीव का एवढा कासावीस?

"पहिली पाळी... कधी सुटते?"

"साडेतीनला. का? आणि कुणाचं तोंड पाहिजे?"

"न्हाय," मी म्हणाले, आणि त्याची बोली माझ्या तोंडून ऐकून मीच दचकले. "संध्याकाळी आरतीला मी देवळात असते. आरती झाली की महाद्वारापाशी थांबेन. या की."

"वही घेऊन?"

"नाही." एवढं बोलायला मला माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त वेळ लागला असेल. "नुसतीच... बघायला."

त्यानं नुसतीच मान डोलावली, एकदा, मग पुन्हा. पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. मिटलेली छत्री हातात घट्ट धरून तो तसाच पावसातून निघाला, आणि मागून बाळाबाई ओरडल्या,

"ओ पावणं! छत्री उघडा की!"