बादलीतलं पाणी

"मालक आहेत का?" तिनं शोभेच्या माशांच्या दुकानात शिरत विचारलं.

"आहेत, पण अडकलेत." खांद्यापर्यंत टाकीत हात घातलेला माणूस म्हणाला, "खेकडा बोट सोडत नाहीये."

ती हसली. बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी, पहिल्यांदाच. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली… कारण ती काही हसायला आली नव्हती.

बाबांनी नऊ वर्षं सांभाळलेली खाऱ्या पाण्याची टाकी आता तिच्याकडे होती. पिवळ्या माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले, तेव्हा घाबरून तिनं तांब्याचं औषध आणलं आणि बाटलीवरच्या सूचना न वाचता थेट टाकीत ओतलं. तांबं कोळंबीला विषासारखं असतं, हे तिला सकाळी कळलं. बाबांच्या बोटावर चढून बसणारी कोळंबी तळाशी आडवी पडली होती.

हे सगळं सांगायचंच होतं. पण माशाच्या ठिपक्यांचं सांगून होताच दुकानदारानं तिच्या फोनमधला टाकीचा जुना फोटो पाहिला आणि म्हणाला, "जीव लावलाय हो कुणीतरी. तुम्ही?"

"हं," ती म्हणाली.

"मग वाचेल मासा. उद्या टाकीतलं पाणी आणा, तपासतो."

तपासलं की तांबं दिसणार… दुसऱ्या दिवशी तिनं बादलीत नव्यानं कालवलेलं मिठाचं पाणी बाटलीत भरून नेलं.

"फर्स्ट क्लास पाणी!" तो म्हणाला.

चार दिवस हेच चाललं. ती दिसली की तो हाक मारायचा, "या, बाटलीवाल्या बाई!"

"हळू! लोक भलतंच समजतील."

"समजू देत. तेवढंच माझं दुकान चर्चेत."

बाटली घेताना त्याची ओली बोटं तिच्या बोटांना लागायची, आणि ती नजर चोरायची. त्याला वाटायचं, लाजतेय. लाजतही होतीच थोडी. बाकी सगळी शरम.

पाचव्या दिवशी तो हसला नाही. डोळे तांबारलेले होते.

"पाणी इतकं चांगलं, तरी मासा खात नाही म्हणता. माझंच काहीतरी चुकतंय. आता वेळ घालवायला नको. ही छोटी टाकी न्या. तुमच्या टाकीतलंच पाणी तिच्यात भरा, मासा सोडा आणि तांब्याचं औषध पूर्ण मात्रेत घाला."

त्या पाण्यात आधीच तांबं होतं. वर आणखी पूर्ण मात्रा… त्यानं पुढे केलेली औषधाची बाटली तिनं घेतली नाही.

"नको. टाकीतल्या पाण्यात आधीच तांबं आहे. मीच ओतलंय."

"पण मी तर रोज—"

"तुम्ही रोज माझी बादली तपासलीत." तिचा आवाज चिरकला. "बाबांची कोळंबी मी मारली. टाकीला जीवही मी नाही, त्यांनी लावला होता."

त्यानं औषधाची बाटली काउंटरवर ठेवली. मग खुर्चीत बसला.

"चार रात्री पुस्तकं उलटतोय मी. स्वतःला ठोंब्या म्हणून घेतलं."

"रागवा ना…"

"रागावलोच आहे. का लपवलंत पण?"

ती काउंटरवरच्या ओल्या डागाकडे बघत राहिली. "तुम्ही म्हणालात ना, जीव लावलाय… तसंच वाटत राहावं, असं वाटलं."

"कुणाला?"

"तुम्हाला," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. मग उठून जाळी, कोळशाची पिशवी, थर्मामीटर एकेक करून पिशवीत भरायला लागला.

"छोट्या टाकीत बादलीतलं पाणी भरू. त्याची खात्री आहे मला, चारदा तपासलंय! मोठीत कोळसा घालू, तो तांबं ओढून घेतो. कोळंबीचं काही करता येणार नाही."

"माहीत आहे."

"आणि मासा वाचेलच, असंही सांगत नाही."

"नका सांगू."

त्यानं शटर ओढलं, कुलूप लावलं, आणि पिशवीचा एक बंद तिच्यापुढे धरला.

"जड आहे. रागावलेल्या माणसाला एकट्याला उचलायला लावू नका."

तिनं बंद धरला. रस्ताभर पिशवी दोघांच्या मध्ये झुलत होती. वळणावर त्यानं हळूच विचारलं, "बाबा कसे होते तुमचे?"

आणि ती खरंखरं सांगू लागली.