नर पपईची पानं

"ओ मॅडम, उतरा खाली! आमच्या पपईनं काय बिघडवलं तुमचं?"

उत्तराच्या हातात एक पान आलं होतं, दुसरं अर्धवट तुटलं होतं आणि पायाखालची उलटी बादली डुगडुगत होती. जरीपटका वस्तीतल्या गल्लीत, भर सकाळी, परक्याच्या कुंपणावर पोट टेकून लोंबकळताना पकडलं जाणं काही पीएच.डी. करणाऱ्या मुलीला शोभणारं नव्हतं. तिनं मान वळवली. खाली एक तरुण उभा होता. मौद्याच्या वीज केंद्राचा गणवेश, डोळ्यांत रात्रपाळीची झोप, आणि ओठांवर... राग की हसू? काही कळेना.

"मी आवाज दिला होता. कोणी आलंच नाही."

"म्हणून डायरेक्ट भिंतीवर?"

"डेंग्यूसाठी हवी होती पानं."

"साऱ्या मोहल्ल्याले डेंग्यूसाठीच पाहिजे. कोणाले पाजता?"

"माणसाला नाही... विषाणूला."

त्यानं पुढे होऊन बादली घट्ट धरली. "आवडते का त्याले?"

त्याचं नाव रोशन रामटेके. उत्तरानं बोटांना लागलेला पांढरा चीक रुमालाला पुसत त्याला सगळं समजावलं. फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती या पानांचा अर्क काढायची. त्यातली द्रव्यं वेगळी करून डेंग्यूचा विषाणू सोडलेल्या पेशींवर घालायची आणि विषाणू कमी होतो का ते बघायची. या झाडावर कधी औषध फवारलेलं नव्हतं, म्हणून तिला हेच हवं होतं. आणि पानं दर वेळी याच झाडाची लागणार होती.

"मग... रविवारी येत जाऊ?"

"या ना!" तो इतक्या घाईनं म्हणाला की दोघंही दुसरीकडे बघायला लागली.

झाडाच्या जिवावर उठली होती रोशनची आई, कौसल्याबाई. "नर हाय तो," पहिल्याच रविवारी तिनं उत्तराला चहा देता देता सांगितलं. "नुसता फुलून राहिला, फळाचा पत्ता नाही. माह्या पोरासारखाच! तोडतेच म्हटलं होतं मी."

"आई..."

"काय आई? खोटं सांगून राहिली का मी?"

उत्तराला चहाचा ठसका लागला.

मग रविवार येत गेले. रोशन पानं स्वतः तोडायचा, धुऊन ओल्या फडक्यात गुंडाळायचा आणि एखाद्या नवरदेवाच्या शेल्यासारखी तिच्या हातात द्यायचा. देताना बोटं लागायची. लागली की सॉरी म्हणायचा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा लागायची.

"आपला विषाणू काय म्हणते?" तो विचारायचा.

"आपला?"

"पानं माही, मेहनत तुमची. मग आपलाच ना?"

एका रविवारी ती धावतच आली. "रोशन, कमी झाला! विषाणू खरंच कमी झाला!" आनंदाच्या भरात तिनं त्याचा हात धरला, आणि सोडायचं तिला बराच वेळ सुचलं नाही. त्यानंही आठवण करून दिली नाही.

पुढचे तीन रविवार ती पानं न्यायची, पण निकालाचं विचारलं की, "चालू आहे," एवढंच म्हणायची.

चौथ्या रविवारी फाटकासमोर रांग दिसली. कोणाच्या हातात पेला, कोणाच्या हातात स्टीलचा डबा. मध्ये कौसल्याबाई, कोपरापर्यंत हिरवी, मिक्सरमधून काढलेला पपईच्या पानांचा रस गाळत होती.

"ये वं पोरी! रोशननं सांगितलं ना साऱ्याइले, तुह्या मशीनमध्ये पास झाली आपली पपई. त्यालेही चार दिवस झाले ताप हाय, मी रसच पाजून राहिली."

उत्तरा तशीच घरात शिरली. रोशन खाटेवर पडला होता, हातात काळपट हिरवा पेला.

"पिऊ का?" तो क्षीण हसला. हिरड्यांतून रक्त आलेलं होतं.

तिनं पेला काढून घेतला आणि ती बाहेर येऊन रांगेसमोर उभी राहिली.

"काकू, हे औषध नाही. माझ्या अर्कानं विषाणू मेला, पण नंतरच्या तपासणीत कळलं, त्यासोबत पेशीही मेल्या. माणसाला काय होईल ते मला माहीत नाही. ताप असेल त्यानं डॉक्टरकडे जा. रोशनला आत्ताच्या आत्ता न्यायचं आहे."

कौसल्याबाईनं रसाचं पातेलं नालीत उपडं केलं आणि ओरडली, "दुर्गेश! ऑटो काढ गा!"

शेजारच्या दुर्गेशनं ऑटो असा हाणला की डेंग्यूआधी त्यानंच जीव घेतला असता. दवाखान्यात सलाईन लागलं. प्लेटलेट घसरल्या, दोन दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला लावून हळूहळू वर आल्या.

ताप उतरला त्या संध्याकाळी उत्तरा त्याच्या उशाशी बसून संत्रं सोलत होती.

"तुमचा प्रयोग बुडाला म्हणा," तो म्हणाला.

"पूर्ण नाही. कोणतं द्रव्य विषाणूला मारतं आणि कोणतं पेशींना, ते वेगळं करावं लागेल. नुसत्या पानांचं काम संपलं."

"कधी कळलं हे?"

तिनं फोडीवरचा एकेक धागा काढायला घेतला. "...तीन आठवडे झाले."

रोशन उठून बसला. "मग मागच्या रविवारची पानं?"

"फ्रीजमध्ये आहेत."

"त्याच्या आधीची?"

"तीपण. लॅबमध्ये आता दुसऱ्या कोणाला काही ठेवायला जागाच नाही... आमच्या मॅडम रोज ओरडतात."

"काहून नेली मंग?"

उत्तरानं वर पाहिलं. गाल तापले होते. "तुले नाही समजत का, काहून?"

तिच्या तोंडून 'तुले' ऐकलं आणि रोशनच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की त्याला आजारी माणूस कोणीच म्हटलं नसतं. "समजते," तो हळूच म्हणाला. "मी रविवारची ड्युटी दुसऱ्याले काहून देत होतो, हे तुले समजलं असतं तर ह्या पानांच्या भानगडीतून आपण दोघंही वाचलो असतो."

पडद्यामागून खाकरणं ऐकू आलं. कौसल्याबाई डबा घेऊन उभी होती, किती वेळापासून ते तिलाच ठाऊक.

"झालं का तुमचं?" तिनं डबा उत्तराच्या मांडीवर ठेवला. "पहिले तू जेव वं. सकाळपासून उपाशी हायेस. मंग तुह्या आईचा नंबर दे."