बाटलीत उरलेला रंग

"तुम्ही आमची भिंत का झाकताय?"

स्टुलावर चढून चिकटपट्टी लावणारी ती दचकून वळली. दारात एक तरुण उभा होता. केस ओले, खांद्यावर टॉवेल... आणि चेहऱ्यावर भलंमोठं आश्चर्य.

"रंगवायला बोलावलंत ना?"

"रंगाचं काम वरच्या मजल्यावर आहे, बाई!"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खुर्चीत बसलेली त्याची आई हसून म्हणाली, "अरे, मीच आत घेतलं तिला. म्हटलं, तूच गुपचूप ठरवलं असशील. आता आलीच आहे पोर, तर होऊन जाऊ दे ही एक भिंत."

अशी ती भिंत तिच्या वाट्याला आली. खाली फिकट बदामी आणि वर स्पंजाने उमटवायची निळसर राखी नक्षी. स्पंज बुडवायचा, पिळायचा, आधी कागदावर टेकवायचा, मग भिंतीवर – फुलाला हात लावावा तसा. तो कामावर जायचं सोडून बघत बसला.

"मी करू?"

"करा. पण दर वेळी मनगट वळवा हं, नाहीतर एकच छाप उमटत राहते."

त्याने खिडकीजवळ पाच ठसे उमटवले. पाचही एकाच तोंडाचे.

"शाळेत रांगेत उभी केलेली पोरं जशी!" ती खुदकन हसली.

"बाई इतक्या कडक असल्यावर पोरं काय करणार?"

ते ठसे तिने झाकायला हवे होते. पण... राहूनच गेले.

तिचे वडीलही रंगारीच. आता त्यांच्या हातांना कंप होता. पण त्यांचा नेम तिने कधी मोडला नव्हता. काम संपलं की उरलेला रंग बाटलीत भरायचा आणि स्पंजाच्या तुकड्यासह घरच्यांच्या हाती द्यायचा. छटा अंदाजाने मिसळलेली, पुन्हा जुळायची नाही. उद्या डाग पडला तर कुणाचं आपल्यावाचून अडू नये.

त्या दिवशी मात्र बाटली तिच्या पिशवीतच राहिली.

आठवड्याने फोन आला. भिंतीवर चहा सांडला होता. मग खुर्ची घासली. मग पुन्हा चहा.

"तुमच्याकडे भिंतीलाही चहा पाजतात का?"

"दिवसभर एकटी असते बिचारी..."

आतून आई म्हणायची, "भिंतीचं नाव कशाला सांगतोस रे!" आणि ती नुकताच पिळलेला स्पंज पुन्हा रंगात बुडवायची.

चौथ्यांदा बोलावलं तेव्हा डाग नव्हताच. खोलीत खोकी बांधून ठेवली होती.

"आईच्या उपचारांसाठी चाललोय. दूर, मावशीकडे," तो म्हणाला. "किती वर्षं, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. घर भाड्याने देतोय." मग जरा थांबून – "चहा मीच सांडायचो."

"ठाऊक होतं. खांद्याइतक्या उंचीवर चहा आपोआप सांडत नाही." तिने पिशवीतून बाटली काढली. "ही पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. तुमचीच. दिली असती, तर... मला यायला कारण उरलं नसतं."

तो एक पाऊल पुढे आला.

"येशील माझ्याबरोबर?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. सकाळी याच हातांनी बाबांना घास भरवला होता. संध्याकाळी पुन्हा भरवायचा होता. घराचा उंबरा ओलांडायचा म्हटलं तरी ते कावरेबावरे व्हायचे.

"तू... राहशील?" तिने विचारलं.

आतून आईचा खोकला ऐकू आला. बराच वेळ थांबेना. तो पाण्याचा पेला घेऊन आत गेला. परतला तेव्हा दोघांनीही तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

तिने बाटली त्याच्या हातात दिली.

"भिंत इथेच राहणार. मी ही नेऊन काय करू?"

"झाकण घट्ट लावून ठेव," ती म्हणाली. "थांब... आधी जरासा रंग दे. खिडकीजवळचं ते राहिलंय. नवी माणसं येतील."

"ते झाकू नकोस ना."

तिने बाटलीतला थोडा रंग झाकणात ओतला. स्पंज बुडवला, पिळला, कागदावर टेकवला. खिडकीजवळ गेली आणि त्या पाचांच्या शेजारी सहावा ठसा उमटवला. हलकेच.

आयुष्यात पहिल्यांदाच तिने मनगट वळवलं नाही.