बऱ्या मनगटावरचा लेप

पुस्तकाच्या दुकानाची पायरी उतरताना वासंतीनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं नाही, आणि सायकल आली ती डावीकडून. सुलतान बाजारातल्या त्या गर्दीत तिला वाचवायला सायकलीवरच्या तरुणानं हँडल वळवलं आणि तो बांगडीवाल्याच्या गाड्यापाशी सायकलीसकट आडवा झाला. गुडघा खरचटला, उजवं मनगट मुरगळलं. तरी उठता उठता त्यानं आधी विचारलं, "तुम्हाला लागलं नाही ना?"

वासंतीनं ते ध्यानात ठेवलं. ती माणसं पारखून घेणारी होती. शाळेत मुलांच्या खोट्या पोटदुख्या ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

सोबत आई होती, कुसुमताई. त्यांनी रस्त्यातच त्याला बोटं हलवून दाखवायला लावली, हाड शाबूत असल्याचा निकाल दिला आणि रिक्षा थांबवली. "हल्लू बैठो, साब," रिक्षावाला म्हणाला. नल्लकुंट्यातलं आपलं घर येईपर्यंत कुसुमताईंनी काढून घेतलं, की याचं नाव मुकुंद, नोकरी सरकारी कचेरीत, खोली दोनच गल्ल्या पलीकडे, आणि परभणीला आई एकटी. तिला हल्ली दिसतही कमी.

गुडघा धुऊन त्यावर हळद दाबली. मनगटावर आधी गार पाण्याची घडी, मग आंबेहळद, रक्तबोळ आणि तुरटीचा कोमट लेप. सहाणेवर उगाळायचं काम वासंतीकडे. लेप वाळेपर्यंत हात हलवायचा नाही, असा कुसुमताईंचा दंडक. आणि तो वाळायला चांगला अर्धा तास लागे. रोज संध्याकाळी एवढा अर्धा तास.

"दुखतंय अजून?" वासंती विचारायची.

"थोडं... रात्री जास्त."

"रात्री आम्ही बघायला नसतो, म्हणून?"

मुकुंद बशीत पाहत चहा प्यायचा. शहरभर एकच विषय चालला होता. दोन महिन्यांत हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते, मराठी मुलूख मुंबईकडे जायचा होता. शेजारचे अप्पाराव आतापासून ट्रंका झटकत होते. मुकुंदच्या कचेरीतही विचारणा झाली होती – इथं राहता, की तिकडे जाता? हा विषय निघाला, की त्याचा चहा लवकर संपायचा.

नवव्या दिवशी वासंती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. गल्लीच्या वळणावर मुकुंद दिसला – सायकलीवर, दोन्ही हातांनी हँडल धरून, घंटी वाजवत. पानाच्या दुकानाशी तो उतरला. सायकल भिंतीला टेकवली, खिशातली पट्टी काढून दातांनी ओढून मनगटाला बांधली, हात छातीशी धरला आणि मग बिचारा हळूहळू घराकडे निघाला.

वासंती हसून हसून कठड्याला टेकली. मग तिचं हसू थांबलं. खाली जाऊन तिनं सहाण मांडली... त्या दिवशी लेप जरा जाडच झाला. जाड लेप वाळायला वेळ लागतो.

असे चार दिवस गेले. पाचव्या संध्याकाळी तो कागद घेऊन आला. कचेरीत द्यायची उद्या शेवटची तारीख होती. हाताचं असं, अक्षर तुमचं चांगलं... तुम्हीच भरून द्या, असं म्हणून त्यानं पेन पुढे केलं.

वासंती लिहू लागली. नाव, हुद्दा, मातृभाषा. मग एक रिकामी जागा आली – कुठे काम करू इच्छिता. मुकुंद पट्टीची गाठ चाचपू लागला. आत फोडणी चुरचुरली आणि थांबली. कुसुमताईही ऐकत असाव्यात.

तिनं पेन त्याच्यासमोर ठेवलं. "एवढं तुम्ही लिहा. हात बरा झालाय तुमचा. गच्चीवरून पानाचं दुकान दिसतं."

तो कानापर्यंत लाल झाला. "मग लेप का लावत होतात?"

"तुम्ही का लावून घेत होतात?"

त्यानं कागद स्वतःकडे ओढला. "आईला आता चूलसुद्धा नीट दिसत नाही," तो म्हणाला.

वासंतीला ते ठाऊक होतं. राहा म्हटलं, तर हा राहील, हेही ठाऊक होतं; म्हणून तर ती गप्प राहिली.

मुकुंदनं पट्टी सोडली आणि ठळक अक्षरात लिहिलं – औरंगाबाद. तिथून परभणी जवळ. मग पेन खाली न ठेवताच म्हणाला, "मी आईला पत्र लिहिलंय. तुमच्याबद्दल."

"कोणत्या हातानं?"

"याच. चार पानं."

"काय म्हणाल्या?"

"उत्तर यायचंय अजून. पत्र कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागतं तिला... आणि मग तुमचं उत्तर. हे शहर सोडून याल?"

दाराबाहेर अप्पारावांच्या ट्रंका रिक्षात चढत होत्या. सुलतान बाजार, शाळा, ही गच्ची... एका शब्दात हे सगळं कसं सोडायचं?

तिनं सहाण पुढे ओढली आणि हळकुंड उगाळू लागली. मुकुंदनं बाही वर सारली आणि बरं झालेलं मनगट तिच्यासमोर धरलं.

"हात हलवायचा नाही," ती म्हणाली. "वाळेपर्यंत."