ठकीचा ओला पाणघोडा

संध्याकाळचे सहा वाजले, पाळणाघर बंद व्हायची वेळ झाली आणि एक मूल शिल्लक राहिलं.

ते मूल म्हणजे ठकी. कोपरापर्यंत खळ लागलेली, समोर टम्म फुगवलेला फुगा, त्यावर खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या. वर्षअखेरची सुट्टी तोंडावर आली होती. घरी न्यायला प्रत्येक मुलाने कागदाचा एक प्राणी करायचा, असं मोठ्या बाईंनी जाहीर केलं होतं. जाहीर करणं मोठ्या बाईंचं काम; खळ शिजवणं, पट्ट्या फाडणं आणि मुलांच्या केसांतून लगदा काढणं ताईचं.

ताई म्हणजे तिथली उरलेली एकमेव शिक्षिका. दुसरी नोकरी सोडून गेली, तेव्हा तिच्या वाट्याची मुलंही हिच्याच पदरात पडली. सकाळी वडिलांना उठवून बसवायचं, कारण पडल्यापासून त्यांचा एक पाय कामातून गेला होता. दिवसभर इथे नाकं पुसायची. संध्याकाळी घरी जाऊन वडिलांना पुन्हा आडवं करायचं. दमण्याचं तिला आता काही वाटत नसे. दमलेलं असणं चष्म्यासारखं अंगवळणी पडलं होतं.

दार ढकलून एक माणूस आत आला. नुकतीच आंघोळ केलेली दिसत होती, तरी भुवयांत पीठ उरलं होतं.

"मी ठकीचा मामा. उशीर झाला… झोप लागली."

"कुठे?"

"जिन्यात. उभ्या उभ्या."

तो बेकरीत भट्टीवर कामाला होता. पहाटेच्या आधी उठायचं, सकाळभर पाव भाजायचे, दुपारी झोपायचं. इतके दिवस ठकीला न्यायला शेजारच्या काकू यायच्या. त्या गावाला गेल्या आणि हे काम मामावर आलं.

"थांबायला लागेल," ताई म्हणाली. "हा थर अर्धवट सोडला तर पट्ट्या सुटतील."

"काय आहे हे?"

"पाणघोडा," ठकी म्हणाली, जणू हे विचारण्याची गरजच नव्हती.

तो मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसला. गुडघे हनुवटीला टेकले. त्याने खळीच्या भांड्यात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळून पाहिलं.

"गुठळी नाही. कोणी शिजवली?"

"मी. का?"

"काही नाही. आमच्याकडे नोकरी मिळेल तुम्हाला."

ती हसली नाही, पण दिवसभरात पहिल्यांदा खाली बसली.

पाळणाघरात येणाऱ्या प्रत्येकाला मुलं ज्या नावाने हाक मारतात तेच त्याचं नाव. त्यामुळे दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडून सहजच "मामा, जरा तो ब्रश द्या" असं निघालं, आणि त्याने ब्रश हातात धरून ठेवला.

"एक विनंती आहे. मला मामा नका म्हणू."

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांचं चालेल. आणि मीही तुम्हाला ताई म्हणणार नाही."

"मग काय म्हणणार?"

"अजून सुचलं नाही. तोवर… अहो चालेल?"

"अहो कोण कोणाला म्हणतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," तो ब्रश देत म्हणाला. "म्हणूनच विचारलं."

ताई उठून भांडी घासायला मोरीत गेली. भांडी आधीच घासलेली होती. तिने ती पुन्हा घासली.

असे दिवस गेले. सहानंतर ती तिघं त्या बुटक्या टेबलाशी बसत. बोलणं फार नसे. तो कधी जांभई देई, ती जांभई त्याच्याकडून तिच्याकडे आणि तिच्याकडून ठकीकडे जाई, आणि मग ठकी दोघांना दटावी. तो येताना कागदात गुंडाळलेला एक पाव आणायचा, अजून कोमट. ती म्हणायची, कशाला आणलात. आणि घरी जाताना रस्त्यातच अर्धा संपवायची. कधी दोघांच्या खळीने माखलेल्या बोटांत एकच पट्टी यायची. ओला कागद ओढला तर फाटतो, म्हणून दोघंही ती ओढत नसत… थोडा वेळ.

बाकीच्या मुलांचे प्राणी एकेक करून वाळले. कासव खणखणीत झालं, अस्वलाला रंग लागला. पाणघोडा मात्र रोज सकाळी ओलाच.

"हवा दमट आहे," ताई म्हणायची.

"खळ पातळ असेल," तो म्हणायचा.

"पाणघोडाच आहे तो," ठकी म्हणायची, "पाण्यातच राहणार."

आणि वाळला नाही म्हणून आणखी एक संध्याकाळ थांबावं लागायचं.

घाई खरं तर सगळ्यांत जास्त यांनाच असायला हवी होती. ठकीची आई, म्हणजे त्याची बहीण, दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिथे तिला आता घर मिळालं होतं. सुट्टी लागली की ती येणार आणि लेकीला कायमची घेऊन जाणार होती. पाणघोडा तिच्यासाठीच होता. ठकी गेली की मामाला या दाराशी यायचं कारण उरणार नव्हतं. हे दोघांना ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी ताईने कपाट उघडलं, तर पाणघोडा बसला होता. फुग्यातली हवा गेली होती आणि इतके थर चढूनही आत कोरडा आधार नसल्याने पाठ खचून पोटाला टेकली होती. आंबलेल्या पिठाचा वास येत होता. ठकीने तो पाहिला आणि ती रडली नाही; ओठ मिटून उभी राहिली. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

दुपारी मुलं आपापले प्राणी मिरवत घरी गेली. ठकी एकटी खिडकीत बसून म्हणाली, "मामाने त्याला आंघोळ घालायला नको होती."

"आंघोळ?"

"रोज घालतो. तुम्ही मोरीत गेलात की स्पंजाने. ताईला सांगायचं नाही म्हणालाय."

सहाला तो आला. पावाचं पुडकं पुढे केलं. ताईने ते घेतलं नाही.

"तुम्ही त्याला रोज भिजवत होतात."

तो काही वेळ त्या खचलेल्या पाठीकडे पाहत राहिला. "हो."

"लहान मुलीचं खेळणं होतं ते. तिने आईसाठी केलं होतं."

"इतकं होईल असं वाटलं नव्हतं. एक दिवस आणखी मिळेल, एवढंच…" तो थांबला. "पीठ आंबतं, हे जगात कोणाला कळायला हवं होतं तर मला. तरी डोकं चाललं नाही."

"माझ्याकडे ताकद नाहीये हो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढवण्याइतका उरलाच नव्हता. "मी रोज इथून उशिरा जाते. बाबा बसून असतात अंधारात, दिवा लावायला उठता येत नाही त्यांना. कशासाठी थांबत होते मी? स्पंजासाठी?"

ठकीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि कोरड्या कागदाची एक पट्टी फाडली. मग दुसरी.

"भांडून झालं की खळ द्या," ती म्हणाली.

फुगा वापरायला वेळ नव्हता. मामाने बेकरीतून दोन गोल वाडगे आणले, पालथे घातले आणि त्यांना बाहेरून तेलाचा हात फिरवला, म्हणजे कागद चिकटणार नाही. ताईने खळ शिजवली. या वेळी मोजकेच थर, पातळ, प्रत्येक पट्टी बोटाने निपटून. निघताना तो म्हणाला, "रात्रभर भट्टीच्या अंगाशी ठेवतो. सकाळी दोन्ही अर्धे जोडून पाय लावले आणि पाव निघाल्यावर उरलेल्या उबेत ठेवलं, तर दुपारपर्यंत वाळेल. बहीण दुपारीच येतेय. पण जोडणं मला जमणार नाही."

"मी येईन," ताई म्हणाली. "ठकीसाठी."

"ठकीसाठीच म्हणतोय मी."

सुट्टीचा पहिला दिवस. सकाळी वडिलांना बसवून, त्यांच्या हाताशी पाणी ठेवून ती बेकरीत आली, तेव्हा शेवटचे पाव बाहेर निघत होते. तिने दोन अर्धे जोडले, सांध्यावर पट्ट्या चढवल्या, पुठ्ठ्याच्या नळ्यांचे चार पाय लावले. ठकीने नाकपुड्यांची जागा दाखवली आणि मालकांकडे गल्ल्याशी जाऊन बसली, कारण तिथे बिस्किटं होती. मामाने पत्र्यावर पाणघोडा ठेवला, हात आत घालून ऊब जोखली, आणखी जरा थांबला, मग तो आत सरकवून दार लावलं.

"मधे उघडायचं नाही. उघडलं तर तडकेल."

"माहीत आहे मला कागदाचं."

"हो. तुम्हाला सगळंच माहीत असतं."

दोघं पिठाच्या पोत्यांना टेकून बसली. पाठीला ऊब लागत होती. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच कोणी तिच्याकडे काही मागत नव्हतं.

"मी चुकलो," तो डोळे मिटून म्हणाला. "पण विचारायचं राहतंय. ठकी गेल्यावर मी सहाला आलो तर चालेल? कारण नसताना? नाहीतर तुमच्या घरी… दिवा लावायला?"

समोरच्या भिंतीवर पाव काढायचे लांब दांडे टेकलेले होते. ती त्यांच्याकडेच पाहत बोलली.

"खिडकीत ऊन यायचं सकाळी. सगळे प्राणी मी तिथेच वाळवले. तुमचा तेवढा उचलून मोरीजवळच्या कपाटात ठेवायचे. रोज. खिडकीत जागा नाही, असं स्वतःला सांगायचे… जागा होती."

उत्तर आलं नाही. तिने वळून पाहिलं. त्याची मान पोत्यावर कलली होती, श्वास संथ चालला होता, भुवयांत पीठ तसंच. उभ्या उभ्या झोपणारा माणूस. आता तर बसला होता. मात्र तिच्या ओढणीचं टोक त्याच्या मुठीत होतं, आणि ते तिथे केव्हा गेलं ते तिला सांगता आलं नसतं.

तिने ते सोडवून घेतलं नाही. दुपारी कोपऱ्याशी बहिणीची रिक्षा थांबल्याचं मालकांनी बाहेरून सांगितलं. ठकी बिस्किट टाकून धावली.

भट्टीचं दार अजून उघडलेलं नाही.