कानामागचा हिरवा दिवा

हसीना मुजावर मुलाखतीला आत आली तेव्हा तिच्या कानामागच्या पट्टीवर पिवळा दिवा होता. तो बघूनच व्यवस्थापक घाटगेसाहेबांनी तिची फाइल मिटली. दूध संघाच्या शीतगृहाला शिफ्ट इन्चार्ज हवा होता, पण मुलाखत आता नावालाच उरली होती. निवड करायचं ते क्षमता-प्रतिमान नावाचं यंत्र. उत्तम कामगारांचा आवाज, नाडी, नजर पट्टीनं टिपायची, त्यातून त्या पदासाठी आदर्श माणसाचा साचा घडवायचा आणि येईल त्याला त्यात बसवून बघायचं. बसला तर हिरवा, जरा निसटला तर पिवळा, नाहीच बसला तर लाल.

हा साचा मनुष्यबळ विभागाच्या मंजिरी केळुसकरनं घडवला होता. निकाल बघून तिचंच डोकं फिरलं. गेल्या उन्हाळ्यात शीतगृहात अमोनिया वायू गळल्याचा वास येताच याच हसीनानं साहेबांचा हुकूम धुडकावून प्लांट बंद केला होता, म्हणून आतली माणसं वाचली. आणि साचा म्हणतो, ती सहकार्यात कमी. डोंबलाचं सहकार्य!

मंजिरीनं साचा ज्यांवरून घडला त्या मूळ नोंदी उघडल्या आणि कपाळावर हात मारला. सगळ्या मार्चमधल्या होत्या. मार्च म्हणजे बढत्या ठरण्याचा महिना. तेव्हा साहेबांच्या शिळ्या विनोदांनाही सगळे पोट धरून हसतात, एरवी भांडणारा फिटरसुद्धा मान डोलावतो. यंत्रानं ते लांगूलचालनच कौशल्य समजून उचललं होतं.

दुपारच्या बैठकीत तिनं हे सगळं मांडलं. प्रतिमान संचालकांनी मंजूर केलंय, आता त्यात खोट काढू नका, असं म्हणत घाटगेसाहेबांनी हिरव्या दिव्याच्या उमेदवाराचं नेमणूकपत्र तिच्यापुढे सरकवलं.

"मी सही करणार नाही," मंजिरी म्हणाली. "गॅस गळत असताना तुमची परवानगी मागत बसेल, असा माणूस मी तिथं नेमणार नाही."

संघात प्रत्येकाच्याच कानामागे पट्टी असायची; मंजिरीच्या पट्टीवरचा दिवा पिवळा झाला.

"मॅडम, तुमची नोकरीसुद्धा याच पट्टीवर आहे," साहेब शांतपणे म्हणाले.

"माहीत आहे. साचा मीच केलाय, आणि तो चुकलाय."

दिवा लाल झाला. तिनं टेबलाभोवती नजर फिरवली. सगळे विभागप्रमुख माना खाली घालून बसले होते, त्यामुळे प्रत्येकाच्या कानामागचा हिरवा दिवा तिला स्पष्ट दिसत होता.

"आत्ता वास आला," तिनं विचारलं, "तर तुमच्यातलं कोण प्लांट बंद करेल?"