कॅसेटमधली रिकामी जागा

पैज ढेकणाने लावली आणि मी घेतली. चुकलं ते तिथेच.

ढेकूण म्हणजे माझा मित्र. अंगाने एवढासा, पण चावला की झोप उडवतो. दुपारी चारला आम्ही दोघं जिन्यात बसलो होतो, काही काम नव्हतं, मी पाय हलवत होतो. मला गप्प बसवत नाही, माझा एक तरी अवयव चालूच असतो. तेवढ्यात खालच्या दुकानात मास्तरांची कॅसेट सुरू झाली. रोजच्यासारखी.

"रोज तेच ऐकतात," ढेकूण म्हणाला. "कान किटत नाहीत यांचे?"

"बायको आहे त्यांची."

"होती."

"तेच ते."

"तुझ्यात दम असेल ना भोंग्या, तर त्या कॅसेटमध्ये तू बोलून दाखव. भूत होऊन. मास्तर मशीनवरून खाली पडले पाहिजेत."

भोंगा म्हणजे मी. आवाजामुळे. हरेल त्याने दुसऱ्याला महिनाभर 'साहेब' म्हणायचं असं ठरलं, आणि मी लगेच हो म्हणून मोकळा. आई म्हणते, माझं तोंड आधी पळतं आणि डोकं मागून चालत येतं.

आता मास्तर कोण ते सांगतो, नाहीतर तुला काही कळायचं नाही. मास्तर म्हणजे शिंपी. खाली त्यांचं दुकान, वर आमचं घर, मध्ये लाकडी जिना. काकूंना जाऊन चार वर्षं झाली. फार आधी, म्हणजे आमच्या जन्माच्याही आधी, मास्तर दोन वर्षं लांब कुठेतरी गणवेशाच्या कारखान्यात कामाला होते. तेव्हा दोघांचं घर दुसरीकडेच होतं, आणि काकूंना पत्र लिहायचा कंटाळा. मग त्या कॅसेटमध्ये बोलायच्या आणि कॅसेट पाठवून द्यायच्या. बाकीच्या ओल लागून गेल्या. ही एकच उरली.

आम्हाला ती पाठ झाली होती. जिन्यात बसलं की ऐकू यायचीच. "चालू झालं का हे? लाल दिवा लागलाय, म्हणजे झालं असेल. तर ऐका. आज दूध उतू गेलं. माझी चूक नाही, रेडिओवर तुमचं ते बासरीचं गाणं लागलं." मग ते गाणं. मध्येच त्या बोलायच्या, "हे लागलं की आपली बस चुकली तो दिवस आठवतो. तुम्ही पायरीवर बसून माझ्या चपलेचा पट्टा शिवला होतात, आणि समोरच्या हॉटेलात हेच चालू होतं." मग, "थांबा हां, गॅस बंद करून येते." मग दोन मिनिटं काहीच नाही. मग, "हं, आले. तर काय सांगत होते..." आणि पुढे वीस मिनिटं मांजर, बटणं, शेजारणीचं नवं पातेलं, असलं सगळं.

तर मी काय ठरवलं? ती मधली दोन मिनिटं रिकामी आहेत, तिथे बोलायचं. काकूंचा एक शब्द पुसला जाणार नाही आणि मास्तरांची तंतरेल. बघ, मी अगदीच वाईट नव्हतो. विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी आईने पँट दिली, टीप उसवली होती, मास्तरांकडे टाकून ये म्हणाली. पाच वाजता मास्तर कोपऱ्यावर चहाला जातात, दहा मिनिटं, दुकान उघडंच टाकून. बरोब्बर पाचला मी आत. मशीनच्या तेलाचा वास, गरम इस्त्रीचा वास, खडूची भुकटी. कॅसेटच्या मागची खुंटी मोडलेली होती. तशी मोडली की त्यावर परत रेकॉर्ड होत नाही. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की होतं. एवढं शिक्षण आहे मला.

जागा शोधली. "थांबा हां, गॅस बंद करून येते" झालं, आणि मी दोन बटणं एकदम दाबली. खरं तर बाईचा आवाज काढायचा होता, पण माझा आवाज नुकताच फुटलाय, बाईचा काढायला गेलो की कोंबडा होतो. म्हणून पुरुष भूत.

"ये... खाली ये... मी जिन्यात उभा आहे..."

तीनदा म्हटलं. हसू दाबून. आणि तिसऱ्यांदा म्हणताना कसंतरीच झालं. वर्गात गोंधळ चालू असतो आणि अचानक सगळे गप्प होतात, मागे बाई येऊन उभ्या असतात, तसं. मागे पाहिलं. शिवलेले शर्ट लटकत होते, बाकी कोणी नाही. बटण सोडलं, पट्टी काढली, कॅसेट मागे फिरवून ठेवली आणि पळालो.

दुसऱ्या दिवशी चारला आम्ही जिन्यात. ढेकणाने आधीच शर्टाचं टोक तोंडात कोंबलेलं. गाणं झालं. "थांबा हां, गॅस बंद करून येते." मी त्याला कोपर मारलं.

"ये... खाली ये..."

खाली मशीनचं पायडल थांबलं. ढेकूण लाल झाला हसून. आम्ही वाट बघत राहिलो, आता काकू म्हणतील, हं, आले.

म्हणाल्याच नाहीत.

नुसती खरखर. मग भांडं ठेवल्याचा आवाज. मग कडी काढल्याचा. मग चपला... लांब जाणाऱ्या. आणि त्यानंतर वीस मिनिटं एक खोली, जिच्यात कोणी नाही. नळ टपकतोय, एवढंच.

"तू सगळं पुसलंस, गाढवा," ढेकूण कुजबुजला.

"नाही रे! पुढे हातसुद्धा लावला नाही."

"मग कुठे गेलं?"

"पुसलं असतं तर नळ कुठून आला?"

तो उठला. घरी जातो म्हणाला. जाताना, "येतो साहेब." मी जिंकलो असं त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. त्यानंतर तो आमच्या जिन्याकडे फिरकला नाही.

मास्तर दाराशी आले. मला वाटलं आता कान पिरगाळतील. त्यांनी हाताने बोलावलं.

"भोंग्या, जरा ये. तुझे कान तरुण आहेत. हे ऐक."

स्टुलावर बसवलं, आवाज पूर्ण वाढवला. परत ते सगळं. माझाच आवाज, पण असा खोल, विहिरीतून आल्यासारखा. मी जमिनीवरच्या चिंध्यांकडे बघत बसलो.

"इथे पूर्वी काय होतं माहितीय?" मास्तर म्हणाले.

"काही नव्हतं ना. रिकामं होतं."

"रिकामं नव्हतं रे. गॅसकडे जाताना ती गुणगुणते. अगदी हळू. आवाज पूर्ण केला की ऐकू येतं. मी रोज तेवढ्यासाठी लावतो. बोलणं काय, बोलणं मला पाठ आहे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड जे एरवी आधी पळतं ना, ते त्या दिवशी बसून राहिलं.

"कोणीतरी तिला हाक मारतंय," मास्तर म्हणाले. "आणि ती गेली. कोणाकडे गेली असेल?"

"मला काय माहीत, मास्तर."

तिसऱ्या दिवशी त्यांनी चारची वाट पाहिली नाही. सकाळपासून लावत होते. मला परत बोलावलं, आणि मी गेलो, कारण न जाणं त्याहून वाईट होतं. वर एकटं बसलं की माझ्या डोक्यात तेच वाजायचं. माझी आवडती गाणी सगळी ढोलाची, दणदणीत. ती लावून बघितली. दोन ठोक्यांच्या मध्ये जेवढी जागा असते ना, तेवढ्यातही चपला ऐकू यायच्या.

कॅसेटमध्ये आता त्या लांब जात नव्हत्या. चालत होत्या. सायकलची घंटी, पोरांचा गलका, ट्रकचा हॉर्न, आणि मध्ये त्या चपला, सारख्या. मग थांबल्या. काकूंचा आवाज, तरुण, जरा धाप लागलेला.

"अहो... इथे जिना कुठे आहे? कोणीतरी हाक मारली मला..."

मास्तर हसले. खरंच हसले. मला रडू येईल असं वाटलं.

"तिला हा पत्ता ठाऊक नाही," ते म्हणाले. "तेव्हा आम्ही इथे राहतच नव्हतो. तरी निघाली बघ. विचारत विचारत येईल."

त्यांनी शिवण बंद केली. कपडे मागायला लोक यायचे, ते परत पाठवायचे. आईने ताट पाठवलं, ते तसंच परत आलं. दाराशी स्टूल टाकून बसले, रस्त्याकडे तोंड करून. ती आली की दुकान उघडं हवं म्हणे. हनुवटीवर दाढीचे खुंट वाढलेले, डोळे असे चमकणारे. मला आत कोणीतरी सारखं ढोसत होतं, सांग, सांग, तिला तू बोलावलंयस, त्यांनी नाही. मी उठायचो, बसायचो, उठायचो.

"मुंग्या चावतायत का तुला?" आई म्हणाली.

चौथा दिवस. पाच वाजून गेले होते, चांगलं ऊन होतं अजून. वरून आई ओरडली, "भोंग्या, दूध आण रे!" मी पिशवी घेऊन खाली आलो तर मास्तरांनी हात धरला.

"बस. आज जवळ आहे."

टेप चालू होता. चपला. आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा स्टोव्ह... तो फुरफुरतो, मी कुठेही ओळखेन. आणि मग कॅसेटमधून, खरखरीतून, माझ्या आईचा आवाज.

"भोंग्या, दूध आण रे!"

माझ्या हातातली पिशवी पडली. मी झडप घातली आणि टेप बंद केला. खट्. कॅसेटची चाकं थांबली, मी बघितली थांबताना.

चपला थांबल्या नाहीत.

दुकानावरून गेल्या. मास्तर स्टुलावरून उठले, दाराची चौकट धरून. "अगं... इकडे. दुकान इकडे आहे. मी इकडे आहे ना."

त्या वळल्या नाहीत. जिना चढायला लागल्या. जिना आम्हाला समोर दिसत होता. रिकामा. पण एकेक पायरी करकरत होती, आणि खालची सैल पायरी दबली आणि परत वर आली.

मग वर आईचा आवाज, अगदी साधा, कोणी पाहुणं आल्यावर काढतात तसा.

"या ना. कोण हवंय?"

उत्तर आम्हाला ऐकू आलं नाही; आणि तरुणपणीच्या काकूंना आईने कधी पाहिलंच नव्हतं. मग, "भोंग्या! वर ये आधी. या बाई विचारतायत, तू कशाला बोलावलंस त्यांना."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. हळूच. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर मी उभा तरी राहिलो असतो. ते नुसते म्हणाले, "तू?"

मी जिन्याकडे धावलो. अर्ध्यात जाऊन पाय थांबले. वर आई दारात उभी होती, हातात पाण्याचा ग्लास पुढे धरून. तिच्यासमोर कोणीच नव्हतं.

"काकू," मी म्हटलं. आवाज फुटला, कोंबडा झाला, होऊ दे. "काकू, मी होतो. मास्तरांनी नाही बोलावलं तुम्हाला, मी बोलावलं. पैज होती. मला वाटलं तिथे काही नाहीये, म्हणून बोललो तिथे. तुमचं गुणगुणणं मी पुसलं. मास्तरांनी मला विचारलं आणि मी खोटं बोललो. मला काही काम नव्हतं तुमच्याकडे. तुम्ही खाली जा ना... ते जेवले नाहीत. खाली जा."

खाली मास्तरांचा श्वास ऐकू येत होता. जिना गप्प. पायरी वाजेल म्हणून मी वाट बघत राहिलो, माझ्या बाजूने कोणीतरी खाली उतरेल म्हणून भिंतीला चिकटलो. जागा केली.

"काय रे बडबडतोयस?" आई म्हणाली. तिच्या हातातला ग्लास रिकामा होता. "आणि कोणाशी?"

"त्या... त्यांच्याशी."

"त्या मघाशीच आत गेल्या. म्हणाल्या, तो येईपर्यंत बसते."